काचेवर पाणी येत नाही

स्टिअरिंगजवळची दांडी स्वतःकडे ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली, धरून ठेवली, कान देऊन ऐकलं. बॉनेटखालून, डाव्या कोपऱ्यातून मोटरचा बारीक आवाज यायला हवा होता. तो आला नाही. समोरच्या काचेवर रात्रभरात बसलेली राख तशीच होती, करडी, सगळीकडे सारखी, चाळणीतून पडल्यासारखी. आणि तिच्यापलीकडे गल्लीतला नळ, नळाखालची बादली, समोरच्यांचं फाटक, सगळं असून नसल्यासारखं दिसत होतं. परळीत गाडी रात्री उघड्यावर राहिली की सकाळी अशीच असते, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच होतं की काल संध्याकाळी सटवा मिस्त्रीनं वॉशरची नवी मोटर बसवली होती, आणि नवी मोटरही जुन्या मोटरसारखीच गप्प होती.

आज दुपारी अंबाजोगाईला गाडीची तपासणी होती. नोंदणीची मुदत संपत आली होती; पास झाली तर पुढची काही वर्षं ती रस्त्यावर राहील, नाहीतर नाही. प्रविणला, माझ्या धाकट्या भावाला, ही तपासणीच नको होती. तो पुण्याहून फोनवर म्हणायचा, “ताई, भंगारात देऊन टाक. आईला गाडी चालवता येत नाही, मी इथं, तू लातूरला. दादा गेले, आता त्या डब्याला कोण बघणार?” मी बघेन, असं मी म्हटलं तेव्हा तो हसला नाही, फक्त थोडा थांबला, आणि मग म्हणाला, “ठीक आहे. पास झाली तर तुझी. नापास झाली तर मी माणूस पाठवतो, तो टोचन लावून घेऊन जाईल. मग त्यावर रडायचं नाही.” मी कबूल केलं. मी त्याच्यापुढे रडले नव्हते, दादांच्या वेळीही नाही, तरी तो असं का म्हणाला ह्याचा विचार मी नंतर करायचं ठरवलं आणि केला नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात, विजेच्या देखभालीला होते, टेक्निशियन म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. घरात ते बोलत नसत. जेवताना, पेपर वाचताना, विहारातून आल्यावर ओट्यावर बसले असतानासुद्धा त्यांचं बोलणं हं, बरं, ठेव तिथं एवढ्यावर भागायचं. पण गाडीत बसले की बोलत. समोर रस्त्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, एखाद्या तिसऱ्याच माणसाला सांगावं तसं. आजोबांनी हाडकी, हाडोळा, गावकीची ती वतनी जमीन सगळी सोडून पोरांना शाळेत कसं घातलं, हे मला गाडीत कळलं. आई पहिल्यांदा कॉलनीत आली तेव्हा राखेनं वाळत घातलेलं लुगडं खराब झालं म्हणून रडली होती, हेही गाडीत. माझं लग्न मोडलं तेव्हा घाटनांदूरपासून परळीपर्यंत ते एकही शब्द बोलले नाहीत आणि स्टेशनजवळ आल्यावर म्हणाले, “माणूस बरा नव्हता. मला आधीच दिसायला पाहिजे होतं.” त्या वाक्यावर मी पुढं किती दिवस काढले. ती गाडी म्हणजे पत्रा नव्हता, एवढं मला प्रविणला सांगता आलं असतं. पण असलं काही बोलायला लागलं की माझं मलाच ते पुस्तकातलं वाटायला लागतं, आणि मग मी बोलत नाही. तेवढं मी दादांचंच घेतलंय.

मी उतरले, बॉनेट उघडलं, दांडा लावला. वॉशरची टाकी पाण्यानं भरलेली होती, काल मीच भरली होती. तिच्या बुडाशी नवी मोटर, काळी, चकचकीत, बाकीच्या धुळकट सामानात पाहुण्यासारखी. मोटरच्या तोंडाशी वायरी जोडणारा कपलर घट्ट बसलेला. काल सटवानं हे सगळं मला दाखवून दाखवून केलं होतं. तो तोंडात पुडी ठेवून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य मान वर करून सुरू होतं. “मोटर जळाली ताई. शंभर टक्के. वायपर फिरतोय म्हंजे फ्यूज शाबूत हाय, दोघांचा फ्यूज एकच असतोय. मग ऱ्हायलं काय? मोटर.” राधाकिशनशेटच्या दुकानातून मोटर आणली, बसवली, दांडी ओढली, काही नाही. सटवानं मान वर केली. “मग वायरिंग गेली. उंदरानं कुरतडली आसंल. सगळा डॅशबोर्ड खोलावा लागंल. दोन दिवस सोडा गाडी.” मी म्हटलं, उद्या तपासणी आहे. तो म्हणाला, “मग उद्या बिसलरीची बाटली घेऊन जावा, साहेबाच्या म्होरं काचेवर वता.” आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला पुडी थुंकायला बाजूला जावं लागलं. जुनी मोटर त्यानं मडगार्डवर ठेवली होती. ती अजून तिथंच होती.

“च्या घेती का?” आई ओट्यावर येऊन उभी राहिली. तिच्या हातात कप आणि बशी. “राहू दे गं ते. त्याच्यात पाणी येत नसतंय.”

“येत नसतंय म्हणजे काय? गाडीत दिलंय ना ते? यायला पाहिजे.”

“न्हाई येत. लई दिवसाचं न्हाई येत.”

हेच ती काल सटवाला म्हणाली होती, हेच परवा मला. आईच्या बोलण्यात अशी वाक्यं असतात. नळाला पाणी येत नाही, गॅसवाला येत नाही, प्रविणचा फोन येत नाही. ती तक्रार करत नाही, ती नुसतं सांगते. आणि तिचं हे नुसतं सांगणं मला लहानपणापासून चिडवत आलंय. तिनं कप ठेवला तो ओट्याच्या कडेच्या इतका जवळ की मी धावत जाऊन धरला. थोडा चहा बशीत, थोडा फरशीवर. बशीत ओततानाही तिची धार बशीच्या बाहेर गेली. “सावकाश,” मी म्हटलं, जरा जोरातच. तिनं पदरानं फरशी पुसली.

गाडीत दादांची पेटी होती, मागच्या सीटखाली. त्यातला त्यांचा टेस्ट लॅम्प मी काढला: एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, एकीला टोक. जिथं वीज येते तिथं टोक लावलं की बल्ब लागतो. हे मला त्यांनी चौथीत असताना शिकवलं होतं, आणि पुढं मी मराठी शिकवायला लागले तरी ते विसरता आलं नाही. आधी मोटर. कपलर काढला, बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटरला लावल्या. घर्र करून मोटर फिरली आणि काचेच्या खालून दोन बारीक धारा वर उडाल्या. काचेवर पडल्या, राखेत दोन काळपट खड्डे पडले, आणि त्या खड्ड्यांतून करड्या लगद्याचे ओघळ खाली आले. म्हणजे मोटर चांगली, नळी चांगली, नोझल उघडे. मग उत्सुकतेनं, किंवा रागानं, मडगार्डवरची जुनी मोटर घेतली आणि तिलाही वायरी लावल्या. तीही फिरली. माझ्या तळहातात ती जिवंत काहीतरी धरल्यासारखी थरथरत होती. जळाली, शंभर टक्के. सटवाची मान वर गेलेली मला दिसली. त्याच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता, पण रागाला अर्थ लागत नाही; आणि मला हेही कळत होतं की हा राग सटवाचा नाही, तो काही महिन्यांपासून माझ्यापाशी आहे आणि बसायला जागा शोधतोय.

दादा पावसाळा सरता सरता गेले. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना. अंबाजोगाईला नेलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तिथले डॉक्टर, जे त्यांना ओळखत होते असं त्या क्षणी आम्हाला कळलं, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “आम्ही यांना सांगितलं होतं. घरच्यांना घेऊन या म्हटलं होतं. ऑपरेशन लागणार होतं.” कधी, असं मी विचारलं. मागच्या वर्षी, म्हणाले. मी वळून आईकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. त्यानंतर गर्दी झाली, मग घर, मग विहारातले लोक, त्रिसरण-पंचशील, पुण्यानुमोदनाचा दिवस, लांबलांबून आलेले दादांचे खात्यातले मित्र, आणि प्रत्येकजण म्हणत होता की अर्जुनराव कसे कधी कुणाला काही कळू देत नसत. हे ते कौतुकानं म्हणत होते. मी चहाचे कप गोळा करत ऐकत होते आणि मला वाटत होतं, ह्यात कौतुक काय आहे? मागच्या वर्षभरात मी त्या गाडीतून त्यांच्याबरोबर किती वेळा गेले. त्यांनी मला पिकांबद्दल सांगितलं, रेल्वेबद्दल सांगितलं, कुठल्याशा जुन्या संपाबद्दल सांगितलं. समोर बघत. आणि छातीत काय होतंय ते नाही.

टेस्ट लॅम्पचं टोक आता कपलरच्या आत धरलं आणि आईला म्हटलं, “आत बस, ती डावीकडची दांडी ओढ.” ती आली, ड्रायव्हरच्या जागी अवघडून बसली, आणि दांडी शोधायला तिला वेळ लागला. हात आधी चाकावर, मग चाकाच्या खाली, मग कुठंतरी हवेत. “डावीकडची आई, डावी!” मी ओरडले. “हाय की डावी,” ती म्हणाली. ओढली. बल्ब लागला नाही. म्हणजे वीज मोटरपर्यंत येतच नव्हती. मधे कुठंतरी तुटली होती. उंदीर, सटवा म्हणाला होता. मी वायर हातानं चाचपत मागं गेले, जिथपर्यंत हात जातो तिथपर्यंत. कुठं कुरतडलेली नाही. फोनवर एका माणसाचा व्हिडिओ लावला, तो दोस्तों म्हणून सुरुवात करायचा आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचा, पण त्याच्या गाडीत बिघाड सापडला आणि तो हसत हसत निघून गेला. माझ्या गाडीत नाही. साडेनऊ झाले असतील. ऊन आलं होतं. हाताला ग्रीस, ग्रीसवर राख. मी काचेकडे बघितलं. मघाशी उडालेल्या पाण्याचा लगदा वाळायला लागला होता, कडेनं पांढरट, सिमेंटसारखा. आणि त्या वाळणाऱ्या लगद्याखाली, काचेच्या आतून बघितल्यावर, ती रेघ. ती नेहमीच असते, मी ती बघायचं सोडून दिलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूला, वायपरच्या वाटेनं गेलेली, धनुष्यासारखी लांब ओरखड्यांची पट्टी, उन्हात चकाकणारी.

ती मी काढलेली. लातूरला नोकरी लागली त्या वर्षी दादांनी मला ह्याच गाडीवर शिकवलं. एकदा अंबाजोगाईहून येताना घाटात समोर राखेचा टिप्पर होता. वरची ताडपत्री सुटून फडफडत होती आणि मागं ढग उठत होता. एका वळणावर तो सगळा ढग आमच्या काचेवर बसला. समोरून ऊन. मी घाबरून जे कुणीही करील ते केलं, दांडी ओढली, पाणी मारलं, वायपर लावला. आणि काच गेली. राख होती तोवर निदान अंधुक दिसत होतं. पाणी पडल्यावर तिचा चिखल झाला, वायपरनं तो लिंपून काढला, आणि माझ्यासमोर करडी भिंत उभी राहिली, वायपर तिच्यावर कुरकुर करत फिरतोय, आणि मला ना रस्ता दिसतोय ना दरी. दादांनी हात पुढं करून चाक धरलं. “ब्रेक. हळू. हळू. आता थांब.” त्यांचा आवाज जेवताना मीठ मागावं तसा होता. गाडी थांबली तेव्हा तिचं पुढचं चाक रस्त्याबाहेरच्या खडीवर होतं. मागच्या सीटवर आई होती, तिनं एकदाही आवाज केला नव्हता. दादा उतरले, कोरड्या फडक्यानं काच झटकली, मग बाटलीभर पाणी ओतलं, भरपूर, एकदम, आणि मग पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसली. माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “राख आधी झटकायची. थोडं पाणी तिला चालत नाही.” पुढं ते गाडीत नेहमी फडकं आणि बाटली ठेवायचे. काही आठवड्यांनी मी दांडी ओढली तेव्हा पाणी आलं नाही. “बिघडलंय,” ते म्हणाले. “बघू.” आणि बघितलं नाही. मला आठवतं, त्याचं तेव्हाही मला आश्चर्य वाटलं होतं. ज्या माणसानं शेजाऱ्यांच्या मिक्सरपासून विहारातल्या माइकपर्यंत सगळं उघडून नीट केलं, त्याच्या स्वतःच्या गाडीतली एवढी गोष्ट इतकी वर्षं बिघडलेली. म्हातारे झाले, मी म्हटलं मनात. स्वतःकडं दुर्लक्ष करतात. आणि ते गेल्यावर त्या वाक्यात बाकीचं सगळं घालून टाकलं.

आता फक्त स्टिअरिंगखालचा भाग राहिला होता, जिथून दांडीच्या वायरी निघतात. फुलीचा पेचकस घेतला, उताणी पडून आवरणाचे स्क्रू काढले. आवरण खाली आलं तशी त्याच्याबरोबर कित्येक वर्षांची धूळ माझ्या तोंडावर पडली. डोळे पुसले, टॉर्च धरली. वायरींचा जुडगा, त्यांचा पांढरा कपलर, कपलरमध्ये ओळीनं बसलेल्या वायरी. एक जागा रिकामी. आणि तिची वायर बाजूला, दुमडून ठेवलेली, टोकावर काळी नळी चढवलेली, वर टेप, आणि ती जुडग्याला पांढऱ्या मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ बघून मी ओळखली. तशी गाठ आमच्या घरातल्या प्रत्येक वायरीवर आहे. ती उंदरानं मारलेली नव्हती.

मी बराच वेळ तशीच उताणी पडून राहिले. डोकं पेडलजवळ, पाय दाराबाहेर गल्लीत. कुणी जाणारा म्हणाला असेल, अर्जुनरावची पोरगी काय करायली. बिघडलंच नव्हतं. त्यांनी काढून ठेवलं होतं. मी पुन्हा कधी घाबरून ती दांडी ओढली तर पाणी येऊ नये म्हणून. आधी ऊन लागल्यासारखं छातीत काहीतरी झालं, आणि लगेच, त्याच्या मागोमाग, राग. काही महिन्यांचा तो राग, जागा शोधणारा, तो आला आणि बसला. कारण ते असं करत नसत. थर्मलमध्ये कुठलंही बटण बंद करून कुणी कामाला हात घातला की तिथं टॅग लावतात: माणूस काम करतोय, चालू करू नये. आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्या कुणी नाही, साहेबानंसुद्धा नाही. दादांनी हा नियम घरात आणला होता. पंख्याचं काम काढलं की मेनवर आईच्या जुन्या लाल झंपराची चिंधी बांधायचे. एकदा उन्हाळ्यात चिंधी तशीच बांधून ते दुसऱ्या पाळीला निघून गेले. आईनं दिवसभर मेन चालू केला नाही. आम्ही घामानं निथळत होतो, शेजारची जाईबाई मावशी येऊन म्हणाली, “अगं कावून लेकरं शिजवायलीस? दाब ते बटण!” आई म्हणाली, “ज्यानं बांधली त्यानंच सोडायची.” रात्री दादा आले, चिंधी बघितली, आमच्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा ओशाळलेलं बघितलं. आणि तोच माणूस इथं एक वायर काढतो, इतकी नीट बांधतो, आणि चिंधी लावत नाही. मला सांगत नाही. मी आपली बिघाड शोधतेय, मोटरी बदलतेय, तुम्हाला म्हातारं ठरवतेय. का नाही लावली, दादा? हे मी मोठ्यानं म्हटलं असावं, कारण आई म्हणाली, “काय झालं?”

ती दाराशी वाकून उभी होती. मी उठून बसले, दोरा तिला दाखवला. तिनं तो बोटांनी चाचपला, डोळ्यांजवळ नेऊन जरा तिरकी मान करून बघितला.

“ते व्हय. ते त्यांनीच काढून ठेवलंतं. तू काच घासलीस तवा.”

“तुला ठाऊक होतं?”

“मग? माझ्याम्होरंच काढलंतं की.”

“आई, काल सटवा इथं बसून मोटर बदलत होता! मी सकाळपासून… तू का बोलली नाहीस?”

“बोलले की. त्याच्यात पाणी येत न्हाई म्हणून बोलले.”

“असं कुणी बोलतं का? आणि मला तेव्हा का नाही सांगितलं?”

“तू लई भ्याली हुतीस. तुला सांगितलं आसतं तर तू परत गाडीला हात लावला नसता, म्हणाले. पोरीचा हात बसू दे, मग मी जोडून देतो. मग राहून गेलं.” ती दाराच्या कडेला टेकली. “मी म्हणलं चिंधी तरी बांधा. म्हणाले, चिंधी कशाला, तू हायस की.”

मी पेचकस हातात फिरवत होते. मग विचारलं. कसं विचारलं ते मला कळलं नाही, इतके दिवस मी ते विचारायचं नाही म्हणून ठरवलेलं होतं. “आणि छातीचं? तेही ठाऊक होतं तुला?”

आईनं नळाकडं बघितलं. बादली भरून वाहत होती, कुणाची होती कोण जाणे. “प्रविणच्या बायकोचं बाळंतपण होऊ दे, म्हणाले. बारसं झालं की मी सांगतो सगळ्यास्नी. तवर तू बोलू नगंस.” मग म्हणाली, “त्यांनी बांधलेलं. मी कशी सोडू?”

मला तिला हलवावंसं वाटलं. खांदे धरून. हे पंख्याचं बटण नव्हतं आई, असं म्हणायचं होतं. तो माणूस तुझ्यावर चिंधी बांधून निघून गेला आणि तू अजून बांधलेली उभी आहेस. पण तिचा चेहरा त्या उन्हाळ्यातल्या दुपारसारखाच होता, अगदी तसाच, घामेजलेला, आणि आपण बरोबर केलं ह्याची खात्री असलेला, आणि त्या खात्रीच्या खाली काहीतरी, जे मला बघवलं नाही. मी पुन्हा उताणी झाले. दोरा कापला. टेप काढला, नळी काढली, वायरीचं टोक कपलरच्या रिकाम्या जागी टक् आवाज येईपर्यंत दाबलं. दांडी ओढली. बॉनेटखाली मोटर बोलली, आणि पाणी काचेवर आलं. मला बरं वाटायला हवं होतं.

अंबाजोगाईला गाड्यांची रांग होती. आमच्या पाळीला साहेबांनी चासीवरचा नंबर खडू घासून तपासला, दिवे बघितले, हॉर्न, ब्रेक. “वायपर चालवा. पाणी मारा.” मी मारलं. दोन धारा. ते तेव्हा दुसऱ्या गाडीकडे बघत होते. “बास बास,” म्हणाले. झालं. एवढ्यासाठी सटवा, राधाकिशनशेट, उंदीर, सगळी सकाळ. मी प्रविणला फोन केला. “पास?” तो म्हणाला. “खरंच?” आणि मग, “बरं झालं ताई,” असं अशा आवाजात म्हणाला की मला वाटलं त्याला पहिल्यापासून तेच हवं होतं. त्याला दुसरं काही सांगायचं मी ठेवून दिलं. फोन बंद केल्यावर लक्षात आलं की मीही दादांसारखंच केलं.

परतताना आई शेजारी बसली होती. घाट सुरू व्हायच्या आधी समोर टिप्पर आला. ताडपत्री होती, बांधलेली होती, तरी मागून राख सुटतच होती, आणि एका झुळकीबरोबर ती काचेवर बसली. ऊन समोरून. माझा डावा हात दांडीवर गेला. दांडीत आता पाणी होतं, हे मला बोटांत कळत होतं. मी हात काढला. वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, थांबवली. “मी पुसते,” आई म्हणाली, आणि सीटखालचं फडकं घेऊन उतरली. मी बसून राहिले. ती काच झटकत होती, नीट, वरून खाली, दादा झटकायचे तशी. तिचं अर्धं शरीर राखेतून दिसत होतं, मग पुसलेल्या जागेतून स्वच्छ. बाटली ओतली, पुसली, फडकं पिळलं, आणि येऊन बसली. काचेच्या एका बाजूला वीतभर रुंद पट्टा तसाच होता, वरपासून खालपर्यंत, राखेनं भरलेला.

“आई, इकडचं राहिलं.”

“कुठं?”

“हे काय. एवढं मोठं.”

“न्हाई की. झाली की सगळी.” ती त्या पट्ट्याकडेच बघत होती.

मला सकाळचा चहा दिसला. बशीच्या बाहेर गेलेली धार. दांडी शोधणारा हात. तिरकी मान. मी गाडी चालू केली नाही. मागून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या गाण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मी समोर रस्त्याकडे बघत होते. तिच्याकडे बघायचं नाही, हे मला आपोआप कळलं. ह्या गाडीत कुणी कधी बोलायला लागतं ते मला माहीत आहे.

“डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई,” आई म्हणाली. समोर बघत. “आधी धुरकट हुतं. आता न्हाईच.”

“कधीपासून?”

“ते होते तवापासून.”

“दादांना सांगितलं होतंस?”

“न्हाई.” फडकं तिच्या मांडीवर होतं, त्याचं पाणी लुगड्यात उतरत होतं. “त्यांचं आधी होऊ दे म्हणलं.”

मी खाली उतरले, राहिलेला पट्टा पुसला. मग आत बसले, आरशात मागचा रस्ता बघितला, दोन्हीकडं मोकळा होता, आणि गाडी परत अंबाजोगाईकडं, दवाखान्याकडं वळवली.